तारसरचा मुक्काम

"अब्बा, तळ्याकाठी तंबू लावायचा नाही."

पाठीवरची सॅक उतरवायच्या आधीच लेकीनं हे जाहीर केलं. मी नुकताच शेवटची धार चढून आलो होतो. छातीत भाता चालू होता आणि समोर तारसर पसरलेलं होतं. तीन बाजूंनी डोंगर आणि मधे निळं, अजिबात न हलणारं पाणी. माझं घर रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठावर आहे. भरतीला पाणी परसातल्या माडांपर्यंत येतं. तिथून उठून सुमारे 3,800 मीटर उंचीवर आलेल्या माणसाला तळ्याकाठी बसू नको म्हणणं म्हणजे शिरखुर्म्याची वाटी समोर ठेवून चमचा काढून घेण्यासारखं होतं.

2023 च्या सप्टेंबरातली ही गोष्ट. गौरी-गणपतीची सुट्टी कोकणातल्या उर्दू शाळांनाही मिळते. तिला चार दिवसांची रजा जोडली आणि बापलेक काश्मीरला निघालो. लेक पुण्यात भूगोल घेऊन शिकते, कॉलेजच्या ग्रुपबरोबर सह्याद्रीतले किल्ले चढते. तिच्या अम्मीनं "मला काय वेड लागलंय का" म्हणून आधीच हात वर केले होते. पहलगामच्या वर आरू नावाचं गाव आहे. तिथून पहिल्या दिवशी लिद्दरवट, दुसऱ्या दिवशी शेकवास आणि तिसऱ्या दिवशी तारसर. सामान वाहायला आरूमधलेच एक घोडेवाले चाचा सोबत होते. आम्ही उर्दूत बोलायचो, ते घोड्याशी काश्मिरीत बोलायचे. मला ते "मास्टर साब" म्हणत. मी मास्टर आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. कसं कळलं विचारलं तर म्हणाले, "आप हर बात दो बार समझाते हैं."

तर तळ्याकाठ. काठावर आधीच चौदा-पंधरा तंबू ओळीत लागले होते आणि एका तंबूबाहेर स्पीकरवर गाणी चालू होती. पुण्याकडची मंडळी होती. पाणी भरताना गप्पा झाल्या. त्यातल्या एकानं नाव विचारलं आणि नाव ऐकल्यावर कौतुकानं म्हणाला, "तुम्ही मराठी किती छान बोलता!" मी म्हटलं, "हो, शिकवतो." पुढं काय बोलावं ते दोघांनाही सुचलं नाही. मी बाटली भरून परत आलो. अशा प्रसंगांवर या ब्लॉगवर मी पूर्वी लिहिलंय, पुन्हा लिहीत नाही.

लेकीचं म्हणणं असं की शांतता हवी असेल तर काठ ही सगळ्यात वाईट जागा. मला वाटलं, ती गर्दीबद्दल बोलतेय. तिनं दगडावर बसवून मला पाठ दिला, अगदी माझ्याच पद्धतीनं, दोनदा समजावून. रात्री पाण्यालगतची हवा थंड होते, तिच्या वरची हवा तुलनेनं उबदार राहते. अशा वेळी आवाज वर निघून जाण्याऐवजी वाकून पुन्हा पाण्याकडे येतो. म्हणून रात्री तळ्याच्या एका टोकाला खोकलं तरी दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. आपल्या खाडीतही पहाटे पलीकडच्या होडीतलं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. आयुष्यभर ते ऐकलं, पण हे का होतं असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

दुसरं कारण थंडीचं. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट जागेत साचते. तारसर बसलंय ते हिमनदीनं कोरलेल्या वाडग्यासारख्या खड्ड्यात. पाठ्यपुस्तकात त्याला हिमगव्हर म्हणतात. म्हणजे सगळ्या डोंगरांवरचा गारठा रात्री काठावरच येऊन बसणार. पन्नास-साठ फूट वर गेलं तरी फरक पडतो. शिवाय पाण्याजवळ दव जास्त, तंबू सकाळी आतून-बाहेरून भिजलेला.

आणि तिसरं, जे तिनं शेवटी सांगितलं पण तिच्या मनात पहिलं होतं. पाण्यापासून निदान सत्तर पावलं लांब राहायचं. इतक्या उंचीवर गवत वाढायला वर्षातले जेमतेम तीन-चार महिने मिळतात. एकदा तुडवलं गेलं की वर्षानुवर्षं ती जखम दिसत राहते. घाण लवकर कुजत नाही. साबणाचा फेस, भांड्यांचं खरकटं, सगळं त्या तळ्यात उतरतं. तारसरचं पाणी पुढे लिद्दरला मिळतं, लिद्दर पहलगामवरून वाहत अनंतनागजवळ झेलमला. खाली कोणीतरी तेच पाणी पितं.

इथे मात्र मला तिला काहीतरी शिकवता आलं. साचलेल्या पाण्यात लघवी करायला मनाई करणारी हदीस आम्ही लहानपणी मदरशात पाठ केली होती. पाण्याच्या जागी, लोकांच्या वाटेवर आणि सावलीत घाण करण्याविरुद्धही ताकीद आहे. तेव्हा हे सगळं आम्हाला गावच्या तळ्यापुरतं वाटायचं. इथे वुजूसाठी मी लोटाभर पाणी घेऊन काठापासून लांब गेलो आणि एका खडकाआड बसलो. हात घातल्यावर बोटं आहेत की नाहीत ते कळेना इतकं थंड पाणी. लेक म्हणाली, "बघा, तुमच्याकडे हा नियम आमच्या ट्रेकिंगवाल्यांच्या कितीतरी आधी आलाय." मग हळूच, "पण आपल्या गावच्या तळ्याचं काय केलंय आपण?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आम्ही जागा शोधायला निघालो. जागा शोधणं म्हणजे काय, ते मला त्या तासाभरात कळलं. एक छान सपाट पट्टा दिसला. लेक म्हणाली, हा सुकलेला ओढा आहे, रात्री पाऊस झाला तर आपण तारसरमधे. दुसरी जागा एका उंच कड्याखाली, वाऱ्यापासून आडोसा असलेली. तिथे तिनं पायाखालचे दगड उलटसुलट करून पाहिले. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो ना, त्याच्याच जातकुळीचे करडे-पिवळे चट्टे डोंगरातल्या जुन्या दगडांवर धरलेले असतात. ते चट्टे वाढायला वर्षं लागतात. या दगडांवर एकही चट्टा नव्हता, कडा कोऱ्या होत्या. म्हणजे ते अलीकडेच वरून पडलेले. आणखीही पडतील. आम्ही मुकाट्यानं तिथून निघालो.

मग एका हिमोढावर, म्हणजे हिमनदीनं ढकलत आणलेल्या दगडमातीच्या उंचवट्यावर चढलो आणि पलीकडे उतरलो. स्पीकरचा आवाज दार लावल्यासारखा बंद झाला. समोर एक छोटी गच्चीसारखी सपाटी. तळ्यापासून दोनेकशे पावलं, पण तळ्याचा एक निळा कोपरा दिसत होता. पश्चिमेला उघडी. एका बाजूला कमरेएवढा, चुना-मातीशिवाय रचलेला दगडांचा अर्धगोल. आमच्या कोकणात याला गडगा म्हणतात. गडग्याच्या आत जमीन कोरडी, घट्ट, गवत आधीच तुडवलेलं, म्हणजे आपण नवीन काही तुडवणार नाही. लेकीनं सगळ्या कसोट्या बोटांवर मोजल्या आणि हसली. "अब्बा, हीच."

गडग्याच्या कोपऱ्यात तीन काळे दगड होते, चुलीचे. मी ते पाहिले. पाहिले नाहीत असं मी आज म्हणू शकत नाही.

चाचांना विचारलं. ते म्हणाले, "बकरवालों का डेरा है. अब तो नीचे उतर गए होंगे." बकरवाल हे शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरणारे लोक. हिवाळा जम्मू, राजौरी, पूंछकडच्या सखल भागात काढतात आणि उन्हाळ्यात पीरपंजाल ओलांडून काश्मीरच्या वरच्या कुरणांत येतात. सप्टेंबरात परत फिरतात. प्रत्येक कुटुंबाची कुरणं आणि वाटेतले मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात, कागदावर नसले तरी. महिना सरत आला होता, थंडी पडली होती, खालच्या वाटेवर आम्हाला उतरणारे दोन कळप भेटलेही होते. म्हणजे जागा रिकामी. आम्ही खुंट्या ठोकल्या.

शुक्रवार होता. प्रवासी माणसावर जुमा बंधनकारक नाही. मी जोहर आणि असर एकत्र करून, दोन-दोन रकात पढलो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, चाचा हनफी. त्यांच्यात प्रवासात नमाज कमी करतात, पण अशा दोन नमाजा जोडत नाहीत. ते माझ्याकडे जरा संशयानं पाहत होते, मास्टर साब आळस करतायत की काय. किब्ल्याचीही गंमत. गावी आम्ही पश्चिमेच्या किंचित उजवीकडे, उत्तरेच्या अंगाला वळतो. इथे किंचित डावीकडे. आयुष्यभराच्या सवयीनं मी उजवीकडे वळलो आणि चाचांनी खांद्याला धरून मला सरळ केलं. सलाम फिरवल्यावर किती तरी वेळ तसाच बसून राहिलो. माणसाचा आवाज नाही, स्पीकर नाही, घोडा गवत तोडतोय तेवढा आवाज. इतकी मनासारखी जागा मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. ही मी स्वतः निवडली होती.

दिवस कलताना कुत्रा भुंकला.

आधी कुत्रा, मग घंटा, मग हिमोढावरून शेळ्या ओघळायला लागल्या. शंभर तरी असतील. मागून दोन घोडे, त्यांच्यावर गाठोडी, एका गाठोड्यावर बांधलेलं कोंबडं. एक म्हातारबाबा, दहाबारा वर्षांचा मुलगा, दोन बायका, त्यातल्या एकीच्या पाठीशी बांधलेलं तान्हं. घोडा लंगडत होता, म्हणून ते मागे राहिले होते. बाबांनी आमचा तंबू पाहिला. सलाम केला, मी उत्तर दिलं. त्यांनी एकदा गडग्याकडे पाहिलं आणि काही न बोलता कळप खाली वळवला, तळ्याच्या बाजूच्या उतारावर, जिथे रात्रभर गारठा साचणार होता. बायका घोड्यावरची गाठोडी सोडायला लागल्या.

चाचा म्हणाले, "इनको आदत है."

मी तंबूत जाऊन बसलो. आता ते गेले नव्हते हे आपल्याला कसं कळणार, आपण चौकशी केली होती, एका रात्रीचा तर प्रश्न. खरंच हे सगळं मी मनात म्हटलं.

लेक तंबूच्या तोंडाशी उभी होती. ती म्हणाली, "अब्बा, त्यांना काय सांगायचं? दुसरी पार्टी आधीच आली होती?"

ते वाक्य तिचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पुण्यात तिच्यासाठी खोली शोधत होतो. पहिल्या दोन ठिकाणी फोनवर आडनाव सांगताच खोली गेली. तिसऱ्या ठिकाणच्या बाई फार चांगल्या होत्या. चहा दिला, लेकीला काय खातेस, किती वाजता उठतेस विचारलं, "मला मुलगीच हवी होती" म्हणाल्या. डिपॉझिट ठरलं. करारासाठी आधारची झेरॉक्स मागितली. आम्ही रिक्षानं स्टँडपर्यंतही पोचलो नव्हतो तेवढ्यात फोन आला. दुसरी पार्टी आधीच आली होती, माझ्या लक्षात नव्हतं, सॉरी हं. फोन स्पीकरवर होता. लेक खिडकीतून बाहेर बघत राहिली. पंधरा दिवसांनी मी मुद्दाम त्या गल्लीतून गेलो, 'भाड्याने देणे आहे'ची पाटी होती तिथेच होती. शेवटी खोली मिळाली ती कोंढव्यात, जिथे आमच्यासारख्या सगळ्यांना शेवटी मिळते. त्या फोनबद्दल लेक त्यानंतर एक शब्द बोलली नव्हती. मला वाटत होतं ती विसरली.

मी खाली गेलो. "बाबा, वो जगह आपकी है. हम हटा लेते हैं."

बाबा गाठ सोडत होते. वर न पाहता म्हणाले, "जगह तो अल्लाह की है. आप मुसाफिर हो, बैठे रहो."

घरी आलेल्या पाहुण्याला मीही असंच काहीतरी म्हणतो. पण ते म्हणताना मी माझ्या ओटीवर असतो. मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा नाही म्हणाले. अशा आग्रहात मास्तर लोक वाईट असतात, विषय सोडत नाहीत, पण बाबा माझ्याहून चिवट निघाले. शेवटी आमचं बोलणं चालू असतानाच लेकीनं खुंट्या उपटायला सुरुवात केली. ते बघून धाकटी बाई हसली आणि आपलं गाठोडं उचलून वर चढायला लागली. विषय संपला.

आम्ही तंबू चाळीसेक पावलं पलीकडे नेला. सपाट जागा ती एकच होती. नवी जागा उतरती, बोचऱ्या दगडांची. रात्रभर मी घसरत घसरत तंबूच्या तळाशी जायचो आणि पुन्हा वर सरकायचो. शांतता म्हणाल तर शेळ्या माणसांसारख्या खोकतात हे मला तेव्हा कळलं. तान्हं दोनदा रडलं. कुत्रा अस्वलाच्या वासावर की आमच्या, पण मध्यरात्री अर्धा चंद्र मावळला तरी भुंकत होता. लेक गाढ झोपली होती.

फजरला उठलो तेव्हा गवतावर पांढरं पडलं होतं. बायकांनी मिठाचा चहा आणि मक्याची रोटी पाठवली. बाबांनी मला गडगा दाखवला, घर दाखवावं तसा. रात्री वारा डोंगरावरून तळ्याकडे उतरतो, अर्धगोलाची पाठ बरोबर त्या बाजूला. आत आजारी आणि लंगडी जनावरं, बाकीची भोवती, त्यांची ऊब माणसांना. चूल अशा कोपऱ्यात की बसल्या जागेवरून दोन्ही वाटा दिसाव्यात. खालचा थर त्यांच्या वडिलांनी लावला होता, वरचे दगड दर वर्षी बर्फानं पडतात ते हे परत रचतात. लेकीनं काल बोटांवर मोजलेली प्रत्येक कसोटी त्यात होती आणि तिला न सुचलेल्या दोन-तीन जास्तच.

बाबांनी विचारलं, तुमच्या मुलखात बकरवाल आहेत का? मी त्यांना धनगरांबद्दल सांगितलं. पावसाळ्यानंतर मेंढरं घेऊन निघतात आणि देशावरचे शेतकरी त्यांना आपणहून बोलावून रात्री शेतात बसवतात, खतासाठी, वर धान्य किंवा पैसे देतात. बाबांना ते खरं वाटेना. बोलावतात? त्यांनी दोनदा विचारलं. इथे तर दर वर्षी कुठेतरी तार आलेली असते, कुठेतरी नवी रोपवाटिका, कुठे रस्ता, आणि कळपाला रस्त्यावरून मोटारी ढकलत नेतात. वनहक्क कायदा देशात 2006 सालचा, पण जम्मू-काश्मीरमधे तो 2019 नंतर लागू झाला. मी त्याबद्दल विचारलं. बाबा म्हणाले, कागद भरून दिलाय.

निघताना मुलाला मी आमचा पत्ता लिहून दिला. तो वर कुरणात भरणाऱ्या हंगामी शाळेत जातो, उर्दू वाचतो. सवयीनं पहिली ओळ मी तशीच लिहिली जशी गावाकडे लिहितो. मराठीत आपण प्रत्येक पत्त्यावर मु. पो. लिहितो, आणि त्यातला मु. म्हणजे अरबी मुक़ाम, हे मी दर वर्षी सातवीला सांगतो. उर्दूत तेच, मक़ाम व पोस्ट. मुलानं बोट ठेवून अडखळत वाचलं. मग मान वर केली.

"ये आपका मुक़ाम है?"

"हाँ."

"डेरा कब उठता है वहाँ से?"

मला काय सांगावं ते कळेना. लेकीनं सॅकचा पट्टा ओढून घेतला आणि म्हणाली, "गणपती की छुट्टी में."